नऊ आणे, पाचशे प्रती : पदरमोडीच्या पुस्तकांविषयी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दाराआड एक लोखंडी कपाट आहे. त्यावरच्या कागदी पट्टीवर ‘स्थानिक लेखक’ असे लिहिले आहे. त्यात शंभरेक पुस्तके असतील. बहुतेक कवितासंग्रह, काही कथासंग्रह आणि चार-दोन कादंबऱ्या. लिहिणारे प्राथमिक शिक्षक, एसटीतले वाहक, ग्रामसेवक, शेतकरी, एखादी अंगणवाडी सेविका. जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर ‘सप्रेम भेट’ असे लेखकाच्या हातचे अक्षर आहे. याचा अर्थ वाचनालयाने ती विकत घेतलेली नाहीत.

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. बारावीनंतरचे माझे शिक्षण याच वाचनालयात आणि अशाच दोन-तीन ठिकाणी झाले. हे कपाट मी एका पावसाळ्यात ओळीने वाचून काढले. वाचताना प्रत्येक पुस्तकाच्या मजकुराइतकेच त्याच्या पहिल्या चार पानांकडे लक्ष दिले. ही पाने सगळीकडे सारखीच बोलतात. प्रकाशक म्हणून बहुधा लेखकाच्या पत्नीचे नाव असते, प्रकाशनाला आईचे किंवा मुलीचे नाव दिलेले असते आणि पत्ता राहत्या घराचा असतो. प्रस्तावना महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकांची. मग ‘मनोगत’. त्यात लेखक आधी आपण साहित्यिक नसल्याचे सांगतो, मित्रांच्या आग्रहाला बळी पडल्याचे कबूल करतो, आणि अक्षरजुळणी करणाऱ्यापर्यंत सर्वांचे ऋण मानतो. पैसे कुठून आले हे मात्र क्वचितच लिहितो. ते आपल्याला ठाऊक असते. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, सोयाबीनचे आलेले पैसे, नाहीतर सोसायटीचे कर्ज.

अशा पुस्तकाला आपल्याकडे ‘स्वखर्चाने छापलेले’ म्हणतात. हे दोन शब्द वर्णन म्हणून वापरले जात नाहीत; ते निकाल म्हणून वापरले जातात. हा निकाल कितपत बरोबर आहे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मला या कपाटापासून सुमारे एकशे चाळीस वर्षे मागे, याच जिल्ह्यातल्या एका पुस्तकाकडे जायचे आहे.

बुलढाण्याची बाई, पुण्याचा छापखाना

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमाराचा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. मुलींची शाळा नसलेल्या या गावात त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. बापूजींनी स्वतःही १८७१ मध्ये ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. या तपशिलाकडे सहसा कोणी पाहत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. लिहिलेले छापता येते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईत जन्मावे लागत नाही, ही गोष्ट ताराबाईंनी घरातच पाहिली होती.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त बायकांच्या चारित्र्याची झडती घेतली. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून लिहिलेला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

हा निबंध आता स्त्रीमुक्तीच्या इतिहासात वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण तो वाङ्मयसमीक्षाही आहे, याची चर्चा कमी होते. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी लोकप्रिय असलेल्या कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ हे नाटक यांतली स्त्रीची चित्रे ताराबाई तपासतात, आणि या बायका पुरुषांच्या कल्पनेत तयार झालेल्या आहेत, घराघरांत राहणाऱ्या नव्हेत, असे बजावतात. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची असताना वऱ्हाडातली एक वाचक तिचा असा हिशेब मागते. आणि कोणत्या भाषेत? ओट्यावरच्या, विहिरीवरच्या. म्हणी, टोमणे, शिव्यांच्या काठावर जाणारे शब्द, एका दमात धावणारी वाक्ये. आजचा एखादा संपादक त्यातली निम्मी वाक्ये ‘शुद्ध’ करून परत पाठवील, अशी मला भीती वाटते.

आता या पुस्तकाची प्रस्तावना पाहावी. ताराबाई सुरुवातीला म्हणतात ते थोडक्यात असे : हा माझा पहिलाच प्रयत्न, मी मराठ्यांच्या घरात बंदोबस्तात वाढलेली अबला, बुद्धीने बेताची, तेव्हा चूकभूल पोटात घालावी. आमच्या कपाटातले ‘मनोगत’ आठवले ना? तीच नम्रता, तीच आगाऊ मागितलेली माफी. फरक पुढच्या पानांत आहे. कपाटातली बरीच पुस्तके मनोगतातली माफी शेवटच्या पानापर्यंत मागत राहतात. ताराबाई ती दारातच ठेवून आत शिरतात.

पुस्तकाचे पुढे काय झाले? टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना त्यांच्या संकुचितपणाबद्दल सुनावले. फुल्यांना या मार्गाचा अनुभव होता. १८५५ मध्ये लिहिलेले त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले होते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची किंमत त्यांनी बारा आणे ठेवली आणि गरीब शूद्रातिशूद्रांसाठी सहा आणे. वाचक कोण हे ठरवूनच त्यांनी पुस्तक काढले होते. मात्र ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिलेही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे ९३ वर्षे गेली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि बुलढाण्याचे नाव जगाच्या वाचनात गेले.

९३ वर्षांनी ते पुस्तक पुन्हा वाचता आले, कारण त्याची प्रत कुठेतरी शिल्लक होती. पुढचा सगळा मुद्दा याच प्रतीचा आहे.

एक लंगडा कवी आणि अडीच शिलिंग

जिवंतपणीच वाचक मिळवण्याचा एक नमुना दूरच्या वेल्समधून देतो. डब्ल्यू. एच. डेव्हिस हा न्यूपोर्ट गावचा, जन्म १८७१. तरुणपणी अमेरिकेत भटकला, मालगाड्यांवर चोरून प्रवास केला, आणि १८९९ मध्ये कॅनडात धावती गाडी पकडताना एक पाय गमावला. पुढे लंडनमधल्या भिकाऱ्यांच्या, मजुरांच्या धर्मशाळेवजा वसतिगृहांत राहून कविता करू लागला. प्रकाशक मिळेना. आजीच्या वारशातून त्याला थोडीशी नियमित रक्कम मिळत असे. ती काही महिने न उचलता साठवून त्याने १९०५ मध्ये ‘द सोल्स डिस्ट्रॉयर’ हा संग्रह छापून घेतला.

इथपर्यंतची कथा आमच्या कपाटातली कोणाचीही असू शकते. पुढची नाही. डेव्हिसने प्रकाशन समारंभ केला नाही. नामवंतांच्या चरित्रकोशातून नावे-पत्ते काढले आणि एकेकाला टपालाने प्रत पाठवली. सोबत विनंती : अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग, पाठवा, नाहीतर पुस्तक परत करा. त्यातली एक प्रत बर्नार्ड शॉकडे गेली. शॉने ती वाचली, आणि हा माणूस खरा कवी आहे हे ओळखले. १९०८ मध्ये डेव्हिसचे ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प’ हे आत्मचरित्र शॉच्या प्रस्तावनेसह आले आणि गाजले.

या गोष्टीतून मी एक गोष्ट शिकलो. डेव्हिसने पुस्तक भेट दिले नाही. परत पाठवण्याची मुभा देऊन त्याची किंमत मागितली. किंमत मागितली की समोरच्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णयासाठी निदान दोन पाने वाचावी लागतात. ‘सप्रेम भेट’ मिळालेले पुस्तक न वाचताच कृतज्ञतेने कपाटात जाते.

मेहकरची शीळ आणि मुंबईचे धाडस

आमच्याच जिल्ह्यातला दुसरा मार्ग ना. घ. देशपांडे यांचा. मेहकरला वकिली करणाऱ्या या कवीची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. महाराष्ट्रभर लोक ते गाणे गुणगुणत होते, तेव्हा कवीच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. ‘शीळ’ हा पहिला संग्रह आला १९५४ मध्ये. पुढे ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाघंना पुस्तकाची घाई नव्हती, कारण कविता आधीच पोचली होती. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाईंना तर पुस्तक पाहायलाच मिळाले नाही. मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. आणि तिसरा, राजमार्ग म्हणावा असा, सदानंद देशमुखांचा. अमडापूरच्या या लेखकाची ‘बारोमास’ पुण्याच्या प्रकाशकाकडून २००२ मध्ये आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेली.

पण स्वतः छापणे कमीपणाचे असते, तर अरुण कोलटकरांचे काय करायचे? कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मुंबईत मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ काढले, आणि इंग्रजीतली ‘जेजुरी’ १९७६ मध्ये तिथून आली. त्यांच्या मराठी कविता १९७७ मध्ये मित्र अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढल्या. त्याला आपण चळवळ म्हणतो. तीच गोष्ट लोणारच्या शिक्षकाने केली तर हौस म्हणतो.

इथे स्थानाभिमानाने आंधळे होऊन चालणार नाही. दोन्हींत एक खरा फरक आहे, आणि तो शहर-खेड्याचा नाही. कोलटकरांच्या भोवती कठोर वाचणारे मित्र होते. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी दुसऱ्या कवीच्या नजरेखालून जात होते. आमच्या कपाटातल्या बहुतेक कविता कच्च्या आहेत, हे मला सांगितलेच पाहिजे. पहिले कडवे जिवंत असते, कारण ते पाहिलेले असते : करपलेली पऱ्हाटी, बाजार समितीत ताटकळलेली बैलगाडी, तिफणीमागून चालणारी आई. तिसऱ्या कडव्यात उपदेश सुरू होतो. त्या तिसऱ्या कडव्यावर रेघ मारणारे माणूस कवीला भेटलेच नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी ती मारली नाही, कारण त्यांना प्रस्तावना मागितली होती, मत नव्हे. माझा स्वतःचा संग्रहही असाच आहे. तीनशे प्रती छापल्या, निम्म्याहून अधिक अजून माळ्यावर गठ्ठ्यांत आहेत. आज वाचताना त्यातल्या पाच कविता ठेवाव्याशा वाटतात.

प्रकाशक म्हणजे केवळ छापण्याचा खर्च करणारा नव्हे. तो निवडतो, सुधारून घेतो, वाटतो आणि नोंद ठेवतो. पदरमोड करणाऱ्या लेखकाने यातला फक्त छपाईचा भार उचललेला असतो. बाकीची कामे कोणीच करत नाही. दोष पदरमोडीत नाही, या रिकाम्या जागांत आहे.

नोंद नावाची गोष्ट

यातली शेवटची जागा सर्वांत धोक्याची. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होत असे : नाव, भाषा, कर्ता, छापखाना, पाने, प्रती, किंमत. हेतू पाळतीचा होता, पण संशोधकांना त्यातून खजिना मिळाला. तो कायदा जाऊन आता २०२३ चा नवा कायदा आला आहे, आणि त्याच्या कक्षेत पुस्तके नाहीत, फक्त नियतकालिके आहेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. ज्या पुस्तकाची प्रकाशक लेखकाची पत्नी आहे, तिला हे कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी त्या कपाटात मला एका निवृत्त शिक्षकाची कादंबरी सापडली. १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामावरची. मधली पन्नास पाने अशी, की मी ती दोनदा वाचली. कामावरची हजेरी, सुकडीची रांग, मुकादमाची नजर चुकवून पाटीत झोपवलेले मूल. शेवट सुमार आहे. पण ती पन्नास पाने मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाहीत. मी लेखकाच्या घरी गेलो. ते वारले होते. मुलाने चहा दिला आणि ओशाळून म्हणाला, “काका, मागच्या दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठे रद्दीत दिले. तुम्ही वर्षभर आधी आले असते तर!”

म्हणजे माझ्या माहितीत आता कपाटातली तेवढी एकच प्रत. तिच्यावर दाखल क्रमांकही नव्हता. भेट आलेली पुस्तके वहीत चढवलेली नव्हती, त्यामुळे वाचनालयाच्या लेखी ती कादंबरी अस्तित्वातच नव्हती.

नव्वद वर्षांनी एखादा मालशे येईलही. पण त्याला सापडायला प्रत लागेल. या यंदाच्या पावसाळ्यात ग्रंथपालांच्या परवानगीने मी कपाटातली पुस्तके दाखल वहीत चढवायला घेतली. नाव, कर्ता, मुद्रक, पाने, किंमत, वर्ष. छापलेल्या प्रतींचा आकडा लेखक किंवा घरचे सांगतील तसा. आपल्या गावच्या वाचनालयातही असे एक कपाट असणार. वाचकांनी एका रविवारी ते उघडावे, चांगले-वाईट नंतर ठरवावे, आधी वही उघडावी. त्या कादंबरीचा क्रमांक मी कपाटातल्या इतर सर्व पुस्तकांच्या आधी घातला आहे.