मऊ म्हणजे किती मऊ?

बरगड्या शिजवायच्या व्हिडिओंचा शेवट ठरलेला असतो. चार-पाच तास भट्टीत राहिलेली, सॉसनं काळपट तांबडी झालेली बरगड्यांची फळी लाकडी पाटावर येते. काळे हातमोजे घातलेला माणूस एका हाडाचं टोक दोन बोटांत धरतो आणि ओढतो. हाड स्वच्छ, पांढरं, काहीही न चिकटता बाहेर येतं. तो कॅमेऱ्याकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, ‘फॉल ऑफ द बोन’. व्हिडिओ संपतो.

गेली दोन वर्षं मी हे व्हिडिओ रात्री झोपण्याआधी बघतोय. काही लोक क्रिकेटचे जुने सामने बघतात, तसंच हे. तर माझी तक्रार अशी की या सगळ्या साहित्यात (मी त्याला साहित्यच म्हणणार, तास न् तास ऐकलंय) लाकूड कुठलं जाळायचं यावर वीस मिनिटं बोलतात, मसाल्यात साखर किती यावर भांडतात, पण ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप चाललाय ते मांस मऊ होणं, त्यासाठी त्यांच्याकडे हे एकच वाक्य आहे. आणि तेही बरोबर नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्ये परीक्षक दिसणं, चव आणि मऊपणा अशा तीन गोष्टींना गुण देतात. तिथे आपोआप गळून पडणारी बरगडी जास्त शिजलेली धरतात. चावा घेतला की तेवढाच घास यावा, शेजारचं मांस हाडाला धरून राहावं आणि दातांची कमान त्यात उमटलेली दिसावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे व्हिडिओतला माणूस ज्या क्षणी मान हलवतो, त्याच क्षणी तो स्पर्धेत हरलेला असतो.

बाकीचं सगळं आकड्यांत बसवलेलं आहे. डुकराच्या बरगड्यांसाठी ३-२-१ असं एक प्रसिद्ध सूत्र आहे. साधारण १०७ अंश सेल्सिअसला तीन तास उघड्या धुरात, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून आणि शेवटचा एक तास सॉस लावून. यामागचं कारण सरळ आहे. बरगड्यांमधलं मांस जनावराच्या प्रत्येक श्वासाला हलत असतं, म्हणून ते कोलॅजेननं भरलेलं असतं. हे कोलॅजेन साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, ९० च्या आसपास ते काम जोरात चालतं. पण त्याच वेळी मांसाचे तंतू आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. एक गोष्ट सैल होतेय, दुसरी आवळतेय. मंद आच आणि भरपूर वेळ हवा, तो यासाठी. इथपर्यंत मला सगळं पटतं, कारण इथपर्यंत ते तपासता येतं. मग पाककृतीच्या शेवटच्या ओळीत येतं: ‘मऊ होईपर्यंत शिजवा’. लूप लिहिला, पण थांबायची अट लिहिलीच नाही.

मराठीत आपण काय वेगळं करतो? आपण शिट्ट्या मोजतो. आई फोनवर सांगते, ‘चार काढ, मग गॅस बारीक कर’. पूर्ण दाबाला कुकरमधलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे भट्टीत तासन् तास लागणारं काम तिथे मिनिटांत होतं, हे खरं. पण शिट्टी हे काही एकक नाही. एका कंपनीचा कुकर दर मिनिटाला फुसफुसतो आणि दुसरा दहा मिनिटं गप्प बसून एकदाच किंचाळतो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप दिलं, आणि नव्यानं संसार मांडलेल्या कितीतरी घरांत ते पुस्तक गेलं, ते उगाच नाही. त्या मापामुळे पदार्थ सासूच्या हातातून सुटून पुस्तकात आला. मऊपणाला मात्र अशी वाटी कुणी दिली नाही. शब्द आहेत आपल्याकडे, आणि इंग्रजीपेक्षा जास्त आहेत: निबर, चिवट, वातड, मऊसूत, लुसलुशीत, गिच्च. पण हे सगळे निकालाचे शब्द आहेत. ताटात पडल्यावर, चूक होऊन गेल्यावर वापरायचे.

माझ्या चुका सांगतो. पहिल्यांदा मी ३-२-१ बोकडाच्या चापांवर चालवलं. बोकडाची बरगडी पातळ, चरबी बेताची. सहा तासांनी ओटीजीतून चपलेचे पट्टे निघाले. दुसऱ्यांदा कुकर लावला, पाच शिट्ट्या. झाकण उघडलं तर हाडं तळाशी सुटी पडलेली आणि वर रस्सा. व्हिडिओवाल्यानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण खाताना कळलं की खायला काही उरलेलंच नाही. दात लागायला जागा नव्हती. चमच्यानं खाल्लं.

आता ज्या जागी हे घडलं त्याबद्दल सांगायला हवं. मी आळंदीत भाड्यानं राहतो. घरमालक काका खालच्या मजल्यावर असतात, आणि घर देताना त्यांनी एकच अट घातली होती: घरात मांस-मच्छी शिजणार नाही. मी हो म्हणालो होतो. चाप मी भोसरीहून दोन पिशव्यांत बांधून आणतो, कंपनीच्या लॅपटॉप बॅगेत. धुंगार द्यायचा नाही, कोळसा पेटवायचा नाही, खिडकी बंद. त्यामुळे माझं बार्बेक्यू हे बिनधुराचं बार्बेक्यू आहे, म्हणजे जवळजवळ बार्बेक्यू नाहीच.

काका संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचतात. मोठ्यानं. डक्टमधून आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. एका रविवारी सतरावा अध्याय चालू होता. मी ओटीजीसमोर बसून होतो आणि काही शब्द कानावर पडले, ते खाण्याचे होते. गीतेच्या या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितलेत, तीन श्लोकांत आटोपलेत. ज्ञानेश्वर मात्र तिथे रेंगाळतात. मी मोबाइलवर तो अध्याय उघडला आणि पुढचा तासभर व्हिडिओ बघितला नाही.

राजस माणसाच्या जेवणाचं वर्णन तिथे असं आहे: कणकेत पाणी घालावं त्या हिशेबानं तो पदार्थात मीठ घालतो, त्याला अन्न इतकं ऊन लागतं की त्याच्या वाफेवर वात धरली तर ती पेटेल, उनउनीत खातो म्हणत तो विस्तवच गिळतो. हे मी वाचलं आणि हातमोजेवाला माणूस आठवून हसलो. तामसाच्या यादीत अर्धं उकडलेलं आणि पार करपलेलं अन्न शेजारी शेजारी आहे, आणि त्यांचा दोष एकच सांगितलाय: ते रसाला यायचं चुकलं. कच्चं आणि करपलेलं या दोन टोकांना एकच नापासाचं कारण देणारं असं परीक्षण मी कुठल्याही फूड ब्लॉगवर वाचलेलं नाही. माझ्या दोन्ही फसलेल्या प्रयोगांचं निदान त्यात होतं.

आणि सात्त्विक. इथे मी थांबलो. आकारानं अवाढव्य नसलेलं, स्पर्शाला अतिशय मवाळ, जिभेवर माया करणारं. आत रस दाट, वरून मात्र ढिलं, ओलावा धरून ठेवलेलं. आणि आगीच्या तापानं आपला ठाव सोडलेलं. पदार्थ कुठला, हे या वर्णनात सांगितलेलं नाही. आगीनं त्याचं काय केलं आणि जिभेला काय वाटलं, एवढंच आहे. दाट आणि ढिलं एकाच वेळी. कोलॅजेन सुटलंय पण पाणी गेलेलं नाही, ती नेमकी अवस्था ही. थांबायची अट सापडली ती अशी, नेवाशात सातशे वर्षांपूर्वी सांगितलेल्या ग्रंथात.

लगेच सांगतो, ज्ञानेश्वरांकडून मटणाला प्रमाणपत्र काढायचा माझा इरादा नाही. त्याच अध्यायात, तामसाच्या भागात, अपेय पिणं आणि अखाद्य खाणं आहेच, आणि अखाद्यात काय काय येतं हे आळंदीत कुणाला विचारावं लागत नाही. २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या विकास आराखड्यात मोशीला कत्तलखान्याचं आरक्षण दिसलं, वारकऱ्यांनी विरोध केला आणि वारीच्या तोंडावर मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवसांत भोसरीच्या रांगेत उभा राहून मी बातमी वाचत होतो आणि मला नक्की कुठल्या बाजूचा राग यावा हे ठरत नव्हतं. गावाला आपली हद्द राखावीशी वाटते, हे मला समजतं. मी त्या हद्दीच्या आत दिलेला शब्द मोडून राहतोय, हेही.

माझं म्हणणं वाङ्मयाबद्दल आहे. मऊपणावरचं मराठीतलं मला सापडलेलं सर्वांत नेमकं लिखाण ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथाच्या वर्गवारीनं ते लिखाण अर्ध्या स्वयंपाकघरांना बंद केलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं (इंग्रजीत भूषण कोरगांवकरांच्या अनुवादात ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’, २०२४), ते याच बंद दारावरचं पुस्तक आहे. महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होतं, जनावराचा कुठला भाग कसा वापरला जायचा, मांसाच्या पट्ट्या मिठात वाळवून चान्या कशा करायच्या, तेल-तूप नसताना येसूर घालून कालवण कसं भागवायचं, हे त्यात आहे. सात्त्विक-राजस-तामस ही वाटणी कुणाच्या सोयीची होती, हा प्रश्न पाटोळे तोंडावर विचारतात. शीर्षकातला तो एक ‘अ’ वदनीकवळ म्हणत वाढलेल्या माझ्यासारख्याला पुरेसा बोचतो.

हे पुस्तक मी बरगड्यांच्या नादात, पाककृती शोधायला उघडलं आणि त्या अर्थानं निराश झालो. पण चूक माझी होती. पाटोळे नोंद ठेवतायत, पुसली जाणारी. ज्या घरात कुठला भाग आणि किती मिळेल हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं, तिथे परिपूर्ण मऊपणाची चर्चा हा चैनीचा विषय आहे. तरी वाचक म्हणून मला एक हुरहूर राहते. हाड चोखताना काय वाटायचं, कुठला तुकडा लहान पोरं पळवायची, मांस कधी ‘झालं’ म्हणायचे, यावर मला या पुस्तकात अजून पानं हवी होती. काय खाल्लं आणि का खाल्लं याची बाजू भक्कम मांडल्यावर, कसं लागलं हे बोलण्याचा हक्कही त्याच घरांचा आहे. तो मागे राहिला तर जिभेवर माया करणारं अन्न फक्त वरणभातच, असं आपोआप ठरून जातं.

अमेरिकेत हे उलट झालं. दक्षिणेतलं बार्बेक्यू मोठ्या प्रमाणावर गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांच्या हातांनी घडलं. चव जगभर गेली, त्या माणसांची नावं मात्र मागे पडली. मायकेल ट्विटींना ‘द कुकिंग जीन’ लिहून ती परत मागावी लागली. तिथे चवीचं वर्णन मोकळं आणि माणसं गायब. आपल्याकडे माणसांची जात पक्की ठाऊक आणि चवीचं वर्णन गायब.

आळंदीत अन्नाची सगळ्यात मोठी गोष्ट मांड्यांची आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, आणि वाळीत टाकलेल्या या भावंडांना कुंभारानं खापर देऊ नये असा बंदोबस्त विसोबांनी केला होता. मग ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले, अशी आख्यायिका. कीर्तनात ही गोष्ट योगसामर्थ्याची म्हणून सांगतात. मला त्यातलं खापर आठवत राहतं. भांडं न देणं ही शिक्षा म्हणून पुरेशी होती.

तिसऱ्या खेपेला मी चापांचा मागचा पापुद्रा सोलून काढला, आलं-लसूण, मीठ आणि घरचा कांदा-लसूण मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. कुकरमध्ये वाटीभर पाणी, एक शिट्टी, मग बारीक गॅसवर बारा मिनिटं, आणि दाब आपोआप उतरू दिला. नंतर चिंच, गूळ, मिरचीचा लेप देऊन फॉइलमध्ये १२० अंशांवर चाळीस मिनिटं, शेवटी उघडं, कड करपेल न करपेल इतकं. वरून ढिलं, आत दाट. चावलं तर दातांची कमान उमटली आणि बाकीचं हाडाला धरून राहिलं.

त्याच संध्याकाळी जिन्यात काका भेटले. ‘काय रे, दुपारपासून काय शिजतंय एवढं?’

‘राजमा आहे, काका.’

‘एवढा वेळ?’

‘जुना आहे. निबर झालाय.’

‘मग दे की वाटीभर. पंजाबी लोक करतात तसा ना?’

मी उद्या देतो म्हणालो. वर येऊन कुकर दोनदा घासला, दुकान बंद व्हायच्या आत जाऊन पाव किलो राजमा आणला आणि भिजत घातला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर असतानाच शिजवला आणि वाटी खाली नेऊन दिली. ती रात्री धुवून, पुसून परत आली. काका दारात उभे होते.

‘चव चांगलीये,’ ते म्हणाले. ‘अजून दोन शिट्ट्या हव्या होत्या.’