उतारावरचा कापूस

संगणकावर जुनी रेल्वे उभी करायची तर रुळांच्या आधी जमीन लागते. ही जमीन आकाशातून आली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' अवकाशयानाने रडारने पृथ्वीचे चढउतार मोजले. ती मोजणी आज कुणालाही फुकट मिळते, आणि 'ओपन रेल्स'सारख्या सिम्युलेटरसाठी मार्ग रचणारे हौशी लोक तिच्यावरूनच आपापले डोंगर उठवतात. दारव्हा ते यवतमाळ हा पट्टा असा पडद्यावर मांडला, की वऱ्हाडातल्या 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीच्या डब्यात खिडकीशी बसून जे कधी जाणवत नसे ते एका नजरेत दिसतं. दारव्हा खाली आहे आणि यवतमाळ वर, पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. लाडखेड, लिंगा, लासिना या स्टेशनांवरून गाडी चढत जाते. चढ इतका सावकाश, की तो फक्त इंजिनाला कळतो.

या मार्गाचा रस मला त्या चढात सापडला. डोंगरी नॅरोगेज म्हटलं की आपल्याकडे माथेरान आठवतं, आणि ते योग्यच आहे. २२ मार्च १९०७ रोजी सुरू झालेली नेरळ–माथेरान लाइन ही आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि त्याच घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांच्या हट्टाने झाली. रुळांतलं अंतर ६१० मिलिमीटर, लांबी सुमारे २१ किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीसास एक. तिच्या तीव्र वळणांवर साधं इंजिन अडकलं असतं, म्हणून जर्मनीच्या 'ओरेनस्टाइन अँड कॉपेल'ने पुरवलेल्या चार इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस दिले होते. पुढचा आणि मागचा आस वळणाप्रमाणे थोडा सरकत असे. सिम्युलेटरात माथेरान उभं करणाऱ्याची पहिली कसोटी इथेच लागते. पडद्यावर इंजिन कुठल्याही वळणावरून निमूट जातं, त्याला अडवणारं काही नसतं. 'ओपन रेल्स' वळणावरचा विरोध हिशेबात धरू शकतं, पण तो विरोध किती ठेवायचा हे रचणाऱ्याने ठरवायचं असतं. तो आकडा चुकला की जुम्मापट्टीपर्यंतची सगळी धडपड नाहीशी होते. चित्र सुरेख दिसतं, गाडीला मात्र घाम येत नाही.

माथेरानचं सौंदर्य उघड आहे. दरी दिसते, 'वन किस टनेल' लागतो, गाडी स्वतःच्याच वाटेवर वाकून खाली पाहते. दारव्ह्याच्या लाइनीत असं काही नाही. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, धुऱ्यावरची बाभूळ, फाल्गुनात पेटलेला पळस. मग एवढ्या मेहनतीने ती कशाला उभी करायची?

कारण या दोन लाइनींचा अर्थ एकमेकींच्या उलट आहे. माथेरानला ओझं वर जातं. माणसं हवा खायला चढतात आणि इंजिन त्यांना ओढतं. इथे ओझं खाली येतं. 'किलिक निक्सन' या ब्रिटिश पेढीने 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी' काढून ही वाट चालवली ती कापसासाठी. यवतमाळच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी डब्यांत भरायच्या, दारव्हा आणि कारंजा मागे टाकत मूर्तिजापूरला आणायच्या, तिथे ब्रॉडगेजच्या गाडीत चढवायच्या. तिथून मुंबई, आणि मुंबईहून मँचेस्टर. म्हणजे ११३ किलोमीटरच्या या वाटेवर एकंदरीत भरलेली गाडी पठारावरून उतरत असे आणि हलकी गाडी चढत असे. ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर लहान इंजिनाने आयुष्यभर हे काम निभावलं, त्यात या उताराची साथ होती.

हे नुसतं वाचून कळतं तेवढंच कळतं. सिम्युलेटरात भरलेली मालगाडी यवतमाळहून सोडली की हात काम करू लागतात. रेग्युलेटर जवळजवळ बंदच असतो. लक्ष सगळं व्हॅक्यूम ब्रेकच्या काट्यावर. ब्रेक लागायला वेळ घेतो, शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला आणखी घेतो, आणि सुटायलाही घेतो. लाडखेडला थांबायचं तर बरंच आधी मनात थांबावं लागतं. डोंगरी रेल्वेची कला चढण्यात असते असं आपण धरून चालतो. वऱ्हाडातल्या या लाइनीची कला उतरण्यात आहे.

रडारच्या मोजणीला मात्र मर्यादा आहे. तिचे ठिपके सुमारे तीस तीस मीटरवर आहेत. नॅरोगेजचा भराव त्याहून कितीतरी अरुंद, म्हणून तो तिच्यात उमटत नाही. ओढे-नालेही गुळगुळीत होऊन जातात. ते परत खणायचे तर सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे उघडून एकेक मोरी हाताने बसवावी लागते. स्वस्तात बांधलेली लाइन टेकाड कापत नाही, त्याला वळसा घालते. खोल नाल्यावर लांब पूल टाकण्याऐवजी नाला अरुंद असेल तिथे जाऊन ओलांडते. म्हणून प्रत्येक वळणामागे कुणातरी इंजिनिअरने वाचवलेले रुपये असतात. माउसने ते वळण पुन्हा ओढताना त्याचा निर्णय आपल्याला पटू लागतो. मला या कामातला सर्वांत मोठा आनंद हा वाटतो.

तपशिलांत मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं ते फाटक. सिम्युलेटरातलं फाटक गाडी जवळ आली की आपोआप मिटतं. प्रोग्रामच तसा असतो. शकुंतलेवर गाडीच थांबायची. गाडीवरचा माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. शेवटच्या वर्षांत मोजकी सात माणसं तिकिटं, सिग्नल, इंजिनाची जोडणी-सोडवणी हे सगळं सांभाळत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत नोंदलं आहे. म्हणून या मार्गावर फाटक आपोआप मिटलं तर तो खोटेपणा ठरेल. ते स्थिर ठेवावं आणि वेळापत्रकातच त्याच्या अलीकडे-पलीकडे थांबे घालावेत. चालवणाऱ्याला कंटाळा येईल. येऊ द्यावा; ताशी वीस किलोमीटरच्या गाडीचा वेळ तसाच जातो, आणि तो कापून टाकला तर मार्ग उरतो, शकुंतला उरत नाही.

सिग्नलचंही तसंच. त्यांच्यावर लिव्हरपूल आणि १८९५ अशी अक्षरं असल्याचं वार्ताहरांनी लिहून ठेवलं आहे. पडद्यावर ती अक्षरं कोणी वाचणार नाही. तरी ती कोरावीत असं मला वाटतं, कारण त्या खांबांच्या जुनेपणात ही लाइन ज्यांच्यासाठी बांधली त्यांचा पत्ता आहे.

मग प्रश्न उरतो तो सालाचा, आणि रचणाऱ्याची खरी रसिकता त्यात उघडी पडते. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं झेडडी इंजिन १९२३ पासून या लाइनीवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. त्यानंतर डिझेल आलं. दारव्हा मोतीबाग स्टेशनातून एके काळी पुसदकडे फाटा जात होता, तो मात्र त्याच्या कितीतरी आधी उखडला गेला. हा फाटा हवा असेल तर फार मागे जावं लागतं, आणि त्या काळातल्या यार्डाचा आराखडा तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. डिझेलचा काळ घेतला तर छायाचित्रं भरपूर मिळतात, पण वाफेचा श्वास जातो. मी १९९३ चा हिवाळा निवडतो. वेचणीचा हंगाम असतो, झेडडी अजून चालू असतं, पुसदचा फाटा नसतो. दारव्ह्याच्या त्या पिढीतली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. पाण्याची टाकी कुठे होती, कोळसा कुठे टाकत, शिटी कुठल्या वळणाला वाजे, हे त्यांना अजून सांगता येतं. यार्डाचे पहिले रूळ टाकण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसायला हवं.