डेव्ही क्रॉकेटचं आत्मचरित्र: पुरावा कुठला, दावा कुठला?

राजकारण्याचं आत्मचरित्र संशोधनात साधन म्हणून वापरणार असाल, तर डेव्ही क्रॉकेटचं १८३४ सालचं पुस्तक आधी वाचा. टेनेसीच्या रानातला हा शिकारी १८२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि १८२७ मध्ये अमेरिकी संसदेत पोचला. पुस्तकाची भाषा रांगडी, विनोदी. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. पण लेखनात केंटकीचे खासदार थॉमस चिल्टन यांचा हात होता. म्हणजे हा 'अस्सल' आवाजही घडवलेलाच आहे.

आता मुख्य मुद्दा. मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा १८३० मध्ये १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत दिलं ते एकट्या क्रॉकेटने. पुस्तकात तो याचं कारण सदसद्विवेकबुद्धी असं सांगतो आणि पुष्कळ वाचक ते जसंच्या तसं उचलतात.

इथे जरा थांबा. मत १८३० चं, खुलासा १८३४ चा. मधल्या काळात तो १८३१ ची निवडणूक हरला, १८३३ ची जिंकला आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा उघड विरोधक झाला. गरिबांना जमीन देण्याच्या विधेयकावरून जॅक्सनच्या गटाशी त्याचं आधीच बिनसलं होतं.

मग विवेकाची गोष्ट खोटी? तसंही म्हणता येत नाही; आपल्या मतदारांत हे मत महागात पडू शकतं, हे त्याला कळत होतं. पण मत हा पुरावा आहे, कारण हा दावा. टिपणं काढताना दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.