राजीखुशीची सही : ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’

अँथनी बर्जेस यांच्या १९६२ च्या या कादंबरीची चर्चा बहुधा हिंसेभोवतीच फिरते. १४ वर्षांची शिक्षा झालेल्या तरुण ॲलेक्सवर तुरुंगात असे उपचार होतात की, मारामारीच्या विचारानेच त्याला मळमळते. ज्याला निवडच उरली नाही तो चांगला कसा, असे तेथील धर्मोपदेशक विचारतो. प्रश्न योग्यच, पण अधिक अस्वस्थ करते ती ॲलेक्सची सही. लवकर सुटका होणार म्हणून तो ती आनंदाने देतो! ‘राजीखुशीने लिहून दिले’ यातले ‘राजी’ आणि ‘खुशी’ हे शब्द फारसीतून मराठीत आले आणि सावकाराच्या ओट्यावर त्यांचा अर्थ गेला. तशीच ही संमती.

‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सक्तीची नार्को व मेंदूतरंग चाचणी घटनाबाह्य ठरवली. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदलेल्या संमतीने मात्र मुभा ठेवली. ती तपासाची चाचणी होती. उद्या गुन्हा टाळण्यासाठी मेंदूच बदलणारा उपचार आला, तर कोठडीतल्या पोराची सही कशी मोजायची?

शेवटच्या प्रकरणात ॲलेक्स वयाने वाढतो, हिंसेला स्वतःच कंटाळतो. अमेरिकी आवृत्तीत ते प्रकरण अनेक वर्षे गाळलेले होते. बीदर-कलबुर्गीच्या आपल्या वर्गांत ते गाळू नये.