‘द लंचबॉक्स’मधील शोक आणि भूक

रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या हिंदी चित्रपटाची चर्चा बहुधा चुकलेल्या डब्याभोवती फिरते. आमच्या मते त्याचे मर्म भुकेत आहे. इलाने पतीसाठी धाडलेला डबा साजन फर्नांडिस या विधुराच्या मेजावर येतो आणि अनोळखी दोघांत चिठ्ठ्यांचा प्रणय सुरू होतो. नांदेड-लातूरकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भाकरी आणतात. साजनला तो घास, उशिरा का होईना, या चुकीने मिळतो. (डबेवाले चुकत नाहीत, ही तक्रार येथे गैरलागू.) खरा विदारक विनोद मात्र इलाच्या आईच्या तोंडी आहे. दीर्घकाळ शुश्रूषा केलेला पती गेल्यावर ती म्हणते, भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतात. प्रेक्षक हसू पाहतो आणि थबकतो. दिग्दर्शक कसलीही सारवासारव करीत नाही. साजन-इला यांची भेट न दाखविण्याच्या संयमाहूनही हा धीटपणा आम्हांस मोलाचा वाटतो.