वजनकाट्याने न सुटणारा हिशेब

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तहून एक मालवाहू विमान मुंबईत उतरले. त्यात अलेक्झांड्रिया शहरातील छत्तीस वर्षांच्या इमान अहमद अब्द एल आती होत्या. सुमारे पंचवीस वर्षे त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. विमानासाठी खास पलंग बनवला होता आणि मुंबईत त्यांना पलंगासह क्रेनने उचलावे लागले. वजन ‘पाचशे किलो’ असल्याचे जगभर छापून आले. सैफी हॉस्पिटलमध्ये डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च रोजी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ४ मे रोजी त्यांना पुढील उपचारांसाठी अबुधाबीच्या बुर्जील हॉस्पिटलमध्ये हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

वजन घटवण्यासाठी परदेशी जाऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे हे आपल्या राज्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण. फक्त इथे ‘परदेश’ म्हणजे आपली मुंबई. या लेखात डॉक्टरांच्या कौशल्याचा निवाडा करायचा नाही. त्या तीन महिन्यांत वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही हकीकत ज्या पद्धतीने सांगितली, तिची चिकित्सा करायची आहे. कारण तीच पद्धत आज एका नव्या प्रश्नाला लावली जात आहे. वजन कमी करायचे तर शस्त्रक्रिया करावी, तीही स्वस्त पडते म्हणून परदेशी जाऊन, की आठवड्याला एक इंजेक्शन घ्यावे? बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या शिक्षक-कक्षात हा प्रश्न निघाला, तर आता नवल वाटू नये.

तीनशे किलोंचे गणित

इमान यांच्या बातम्यांचा एक ठराविक साचा होता: आज इतके किलो घटले, आता इतके उरले. शेवटी हॉस्पिटलने सांगितलेला आकडा पावणेदोनशे किलोंच्या आसपास होता. म्हणजे घट तीनशे किलोंहून अधिक. रुग्णाच्या बहिणीने या आकड्यांवरच शंका घेतली, हॉस्पिटलने त्यांचा आरोप फेटाळला, आणि बातमीचे भांडण झाले. कोण खरे, यावर पुष्कळ लिहिले गेले. आठवी-नववीतल्या मुलांनाही जमेल असा गुणाकार-भागाकार मात्र बहुतेक बातम्यांत नव्हता. तो आपण करू.

एक किलो शरीरचरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. तीनशे किलो चरबी जाळायची तर ३०० × ७,७०० = २३,१०,००० किलोकॅलरी खर्च व्हायला हव्यात. मुंबईतील मुक्काम ८२ दिवसांचा. भागाकार केला तर रोज सुमारे २८,००० किलोकॅलरी. साधारण प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच हजार लागतात. देह कितीही मोठा असला तरी पलंगावर पडून राहिलेल्या माणसाचा खर्च इतका असू शकत नाही. समजा, तो रोज सहा हजार होता आणि पोटात अन्नाचा कणही गेला नाही, तरी ८२ दिवसांत चरबी घटेल ती सुमारे ६४ किलो.

यावरून हॉस्पिटलचा आकडा खोटा ठरत नाही. काट्यावरची घट खरी असली तरी तिच्यातला मोठा भाग चरबीचा असू शकत नाही, एवढेच निश्चित होते. अशा रुग्णांच्या शरीरात पाणी मोठ्या प्रमाणात साचलेले असते. ते निघून जाणे हासुद्धा उपयुक्त उपचारच आहे, त्याने हृदयावरचा आणि श्वसनावरचा भार हलका होतो. पण ‘शस्त्रक्रियेने तीनशे किलो घटवले’ असे वाक्य वाचताना वाचकाच्या मनात चरबी असते, पाणी नसते. काटा चरबी, पाणी आणि स्नायू यांत भेद करत नाही. तो भेद सांगणे हे बातमी लिहिणाऱ्याचे काम होते.

काट्याला न दिसलेली गोष्ट

या प्रकरणातील वैज्ञानिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची माहिती किलोंच्या गर्दीत मागे पडली. उपचार चालू असतानाच डॉक्टरांनी सांगितले होते की जनुकीय तपासणीत इमान यांच्या लेप्टिनच्या ग्राहकाच्या जनुकात दोष आढळला आहे.

लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे संप्रेरक. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचे जनुक शोधले. ‘साठा पुरेसा आहे, आता खाणे थांबव’ असा निरोप लेप्टिन मेंदूला पोचवते. निरोप घेणारा ग्राहकच बिघडला असेल, तर साठा कितीही वाढला तरी मेंदू उपासमार चालली आहे असेच समजतो. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणणे, हे मधुमेह्याला साखर जिरवण्याची इच्छाशक्ती नाही असे म्हणण्यासारखे आहे.

या दोषाच्या पुढच्या टप्प्यावर काम करणारे सेटमेलानोटाइड हे औषध तेव्हा अमेरिकेत चाचणीच्या अवस्थेत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. इमान यांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. म्हणजे या एकाच रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रिया आणि औषध या दोन्ही वाटा होत्या. त्यांतली कोणती आणि कधी, हे तिच्या स्थूलतेचे कारण काय यावर अवलंबून होते. काट्यावर कारण लिहिलेले नसते.

कारणच काय, चरबी किती हेही काटा सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, नेमका २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा ३० ऐवजी २५ वर धरावी आणि कंबरेचा घेरही मोजावा, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवले.

शस्त्रक्रिया आणि औषध

नेहमीच्या शस्त्रक्रियांपैकी एकीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची नळी बनवतात. दुसरीत जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत फक्त पोटातली जागा कमी होते असे नाही, भूक आणि तृप्ती यांची संप्रेरकेही बदलतात. नवी औषधे त्याच संप्रेरकांची नक्कल करतात. सेमाग्लुटाइड हे आतड्यातील एका संप्रेरकासारखे काम करते, टिर्झेपटाइड दोन संप्रेरकांसारखे. २०२५ मध्ये भारतात मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड विक्रीस आले.

आता तुलनेचे आकडे पाहू. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, नुसती सुई टोचलेल्या गटात २.४ टक्क्यांनी. टिर्झेपटाइडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेला ७२ आठवड्यांत घट २०.९ टक्के होती. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात आतड्याला जोड देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी घट सुमारे २५ टक्के उरली होती.

हे तीन आकडे एका ओळीत मांडून ‘शस्त्रक्रिया पहिली, टिर्झेपटाइड दुसरे’ असा निकाल लावणे ही जाहिरातींची आवडती रीत. पण एक आकडा दहा वर्षांनंतरचा आहे आणि उरलेले दोन दीड वर्षाच्या आतले. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर काय होते, तेही त्याच चाचणीतल्या लोकांत पाहिले गेले: वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब चढतो, तसाच हा प्रकार आहे. औषधाचा खर्च म्हणूनच महिन्याचा मोजून चालत नाही, वर्षांचा मोजावा लागतो.

काट्यापेक्षा चांगली मापेही उपलब्ध आहेत. स्वीडनच्या अभ्यासाचे २००७ मधील निष्कर्ष असे: सरासरी सुमारे अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी १०१ मरण पावले, न झालेल्या २,०३७ जणांपैकी १२९. माणसांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे हा पुरावा थोडा सावधपणे घ्यावा. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जाड व्यक्तींवरील २०२३ च्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ६.५ टक्के, न घेणाऱ्यांत ८ टक्के होते. लाभ दोन्हीकडे आहे. तो थोरला असला तरी जाहिरातीत दाखवतात तितका चमत्कारिक नाही.

तोटेही दोन्हीकडे आहेत. शस्त्रक्रियेत टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. पुढे लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता आयुष्यभर तपासावी लागते. माळकरी, शाकाहारी घरांत ब-१२ आधीच कमी असते, हे इथे विसरू नये. औषधांनी मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते. झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होतात आणि चरबीबरोबर स्नायूही घटतात. औषधांच्या इतिहासाकडे पाहूनही सावध राहावे: फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून मागे घ्यावे लागले आणि सिब्युट्रामीनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

परदेश किती दूर?

इमान यांच्या प्रकरणातील वाद मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरचा होता. पुढची काळजी कोणी घ्यायची, किती दिवस, आणि रुग्ण घरी परतण्याजोगी झाली हे कोणी ठरवायचे? परदेशी उपचाराचा खरा अवघड भाग हाच. जाहिरातीतल्या ठोक रकमेत विमान, हॉटेल, शस्त्रक्रिया असते. सहाव्या महिन्याची रक्ततपासणी नसते.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुर्कस्तानात वजन घटवण्यासाठी जठरात बोट्युलिनम विष टोचून घेतलेले अनेक युरोपीय रुग्ण मायदेशी परतल्यावर स्नायूंच्या लकव्याने आजारी पडले. ती शस्त्रक्रिया नव्हती, पण धडा तोच आहे. सुई टोचणारा एका देशात राहिला आणि त्रास निस्तरणारे डॉक्टर दुसऱ्या देशात.

हा धडा आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगावहून मुंबईला थेट रेल्वे आहे. घाटावरच्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजाला रेल्वेच नाही. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी रात्री ताप चढला आणि पोटात कळ आली, तर लोणारच्या रुग्णाला मुंबईसुद्धा परदेशाइतकीच दूर. तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न असे:

१. माझ्या स्थूलतेचे कारण तपासले आहे का? थायरॉइड, चालू असलेली इतर औषधे, झोपेतील श्वासाचा अडथळा पाहिला का?
२. उद्देश कोणता: मधुमेह आटोक्यात आणणे, गुडघे वाचवणे, की केवळ लोकांच्या नजरेत बारीक दिसणे?
३. पाच वर्षांनी हा उपचार चालू ठेवण्याचा किंवा तपासण्यांचा खर्च कोण करणार?
४. गुंतागुंत झाली तर दोन तासांत पोचता येईल असा, या उपचाराची माहिती असलेला सर्जन किंवा फिजिशियन कोण?
५. शस्त्रक्रियेची सर्व कागदपत्रे मला वाचता येतील अशा भाषेत मिळणार का?
६. पुढील दोन वर्षांत गर्भधारणेचा विचार आहे का? शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष ती टाळायला सांगतात, आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

निर्देशांक खूप वर असेल, मधुमेह बळावला असेल आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर जवळपास मिळत असेल, तर शस्त्रक्रियेला घाबरून ती टाळणे चुकीचे ठरेल. निर्देशांक मध्यम असेल आणि औषध वर्षानुवर्षे परवडणार असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध आधी घेऊन पाहणे शहाणपणाचे. केवळ स्वस्त पडते म्हणून परदेशी जाण्याचा पर्याय मात्र वरच्या सहा प्रश्नांपुढे क्वचितच टिकतो.

वर्गात

हा विषय वर्गात घेताना एक पथ्य पाळावे. मुलांची वजने सर्वांसमोर वाचून दाखवू नयेत. काल्पनिक आकडे घ्यावेत. उंची १.६० मीटर असेल तर निर्देशांक २५ कोणत्या वजनाला येतो? (६४ किलो.) ३५ कोणत्या? (८९.६ किलो.) त्यानंतर तीनशे किलोंचे गणित मुलांकडून करून घ्यावे.

दुसरा उपक्रम जाहिरातींचा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे, म्हणजे ती औषधाने बरी करण्याची जाहिरात सर्वसामान्यांसाठी करता येत नाही. महिनाभरातील वृत्तपत्रे चाळून ‘महिन्यात दहा किलो’ छापाच्या जाहिराती मुलांनी गोळा कराव्यात. प्रत्येकीखाली तीन प्रश्न लिहावेत: घटले ते काय, किती काळ टिकले, आणि किती जणांत? बहुतेक जाहिरातींखालच्या तिन्ही जागा कोऱ्या राहतील. त्या कोऱ्या का राहिल्या, यावर वर्गात चर्चा व्हावी.