दगडूचा दाऊद होतो तेव्हा

मराठी मुसलमानांमध्ये घराण्याचा इतिहास लिहिण्याची हौस वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. जमातीच्या स्मरणिकांतून, उरुसाच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिकांतून शजरे छापले जातात. सात-आठ पिढ्यांची नावे ओळीने दिलेली असतात. पण ती नावे कोणत्या कागदावरून घेतली, तो कागद कोणत्या लिपीत होता आणि तो कोणी वाचला, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा लेखनात सहसा मिळत नाहीत. कवितेची समीक्षा करताना आपण आधी संहिता तपासतो. मग आपल्याच वाडवडिलांच्या संहितेला ही सूट का? जुने अक्षर लावणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे. ती चुकली की पुढचा सारा इतिहास चुकतो. आणि आपल्याकडे ती बहुधा एकाच दिशेने चुकते, असे माझे म्हणणे आहे.

या प्रश्नाचा विचार करायला पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा सोयीचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोचले आणि त्यांच्यामागोमाग मराठवाड्यातली मुसलमान कुटुंबे इथे आली. त्यामुळे आज एकाच मोहल्ल्यात दोन प्रकारची दप्तरे नांदतात. मूळच्या गावकऱ्यांचे हवेली आणि खेड तालुक्यांतले कागद मोडीत आहेत: कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, हक्कनोंदणीचे पत्रक, इनामाचा उतारा. बीड, लातूर, नांदेडकडून आलेल्यांचे कागद निजामी अमलातले, म्हणजे उर्दूत, आणि पुष्कळदा शिकस्ता वळणाचे. शेजारच्या घरातला पणजोबा कोणालाच वाचता येत नाही, आणि बहुधा स्वतःच्या घरातलाही नाही.

हे कागद आता हौसेपुरते राहिलेले नाहीत. इतर मागासवर्गाच्या दाखल्याची पडताळणी करताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. जुन्या नोंदीत पणजोबांच्या नावापुढे नुसते 'मुसलमान' लिहिले आहे की 'मुसलमान तांबोळी', यावर आज एखाद्या मुलीचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. पिंजारी, अत्तार यांचीही तीच गत. शब्द एक, पण त्यावर घराचे भवितव्य.

मोडीचा दंडक असा की लेखणी शक्यतो उचलायची नाही. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरे लोंबती ठेवायची. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. क़ाफ आणि ग़ैनला तर तिथे जागाच नाही. म्हणून मुहम्मदचा 'महमद' होतो, इस्माईलचा 'इसमाल'. उतारा करताना ही 'अशुद्धे' सुधारण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. 'इसमाल' हे कुलकर्ण्याने कानाने ऐकलेले नाव आहे. त्या माणसाला गाव कशी हाक मारत होता, याचा तेवढाच पुरावा आपल्या हाती उरला आहे. तो पुसून शुद्ध अरबी नाव लिहिले की माणूस हरवतो आणि केवळ त्याचा धर्म शिल्लक राहतो.

गंमत अशी की हीच मोडी पत्रे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. पेशवाईतल्या मोडी पत्रांवर महिना रजब किंवा शाबान असतो, चंद्राची तारीख सांगायला 'छ' हे अक्षर असते आणि वर्ष चक्क अरबी शब्दांत असते. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार. सुहूर सन ११७५. हे वर्ष मृगाला बदलते, त्यामुळे त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. इसवी सन निघतो १७७४-७५. मदरशात अरबी आकडे पाठ केलेल्या पोराला ही ओळ कोणत्याही पंडिताच्या आधी लागेल. मोडी ही 'त्यांची' लिपी, असे म्हणून आपण ती सोडून दिली, आणि तिच्यासोबत आपलेच महिने, आपलेच आकडे आणि आपलेच पूर्वज सोडून दिले.

शिकस्त्याची अडचण वेगळी. शिकस्ता म्हणजे मोडलेले. घाईत लिहिणारा कारकून नुक्ते गाळतो आणि जी अक्षरे पुढच्या अक्षराला जोडायची नसतात तीही जोडून टाकतो. 'जमाल'च्या जीमखालचा एक नुक्ता गळला की शेख जमालचा शेख हमाल होतो. नुक्ते काढून टाकले तर 'बद्र' आणि 'नज़्र' यांत फरकच उरत नाही. रकमा सियाक पद्धतीने लिहिलेल्या असतात. ती चिन्हे अरबी संख्यावाचक शब्दांची आखूड रूपे आहेत, हे ठाऊक नसेल तर ओळीच ओळी निव्वळ रेघोट्या वाटतात. आमच्या शाळांतली मुले छापील नस्तालीक सफाईने वाचतात, पण या हस्ताक्षरापुढे थांबतात. तेव्हा 'उर्दू येते म्हणजे जुना कागद वाचता येतो' हा समजही सोडला पाहिजे.

पण या सगळ्या अडचणी अक्षराच्या आहेत. त्याहून मोठी अडचण वाचणाऱ्याच्या मनातली आहे. कोतवाल बुकात 'दगडू वलद बाळा मुलाणी' अशी नोंद सापडली, असे समजू. शजरा छापताना हमखास कोणीतरी म्हणेल की हा दगडू नसणार, दाऊद असणार. बाळा कसला, बाले खान असेल. मुलाणी या शब्दाचे मौलाना व्हायलाही वेळ लागत नाही. अक्षर खराब आहे ही सबब तयारच असते. आता दगडू हे नाव का ठेवत? आधीची मुले दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू म्हणत. हिंदू घरात म्हणत तसेच मुसलमान घरातही. दगडूचा दाऊद केला की त्या घरातल्या आधीच्या मुलांचे मरणही शजऱ्यातून निघून जाते. मुलाणी हा गावाच्या बलुत्याशी बांधलेला माणूस. त्याचा मौलाना केला की त्याचे गावाशी असलेले नातेही तुटते. आणि उद्या पडताळणीत मूळ नोंद दगडू, छापील वंशावळीत दाऊद, असे निघाले तर नुकसान पुन्हा त्याच घराचे.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे 'बिन' दिसताच अरबी वंश सिद्ध झाला असे मानणे. जुन्या मराठी कागदांत मराठा-कुणब्यांची नावेही 'बिन' लावूनच लिहिली आहेत. तसेच १६६० साली शायिस्ताखानाने चाकणचा किल्ला घेतल्यावर मोगली कागदांत चाकणचे नाव 'इस्लामाबाद' पडले. हे ठाऊक नसलेला वाचक चाकणच्याच सनदेवरून आपले घराणे कुठल्या कुठे नेऊन ठेवील.

मग चांगले वाचन कसे असते? ग. ह. खरे यांनी संपादित केलेले 'ऐतिहासिक फारसी साहित्य' पाहावे. भारत इतिहास संशोधक मंडळाने त्याचे खंड १९३४ पासून काढले. मूळ फारसी मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर त्यात बरोबर दिले आहे. खऱ्यांचे वाचन पटले नाही तर मूळ पाहून तपासायची सोय त्यांनीच करून ठेवली. आपल्या सनदांचे हे काम एका पुणेकर ब्राह्मणाने केले, याचे वैषम्य वाटण्यापेक्षा त्याची पद्धत घ्यावी.

मात्र या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड काढले. त्यांत भर प्रामुख्याने राजकारणावर आहे. खेड्यातला मुलाणी, तांबोळी त्यांत आला तर ओझरता. चिंचवडच्या देव घराण्याचे भाग्य थोर म्हणून लॉरेन्स प्रेस्टन यांनी त्यांच्या इनामांवर आणि राज्यसत्तेशी असलेल्या नात्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्या घराण्याने कागद सांभाळले आणि कोणीतरी ते चिकाटीने वाचले. १८५२च्या इनाम कायद्यानंतर काजी, मुल्ला, मुजावर यांनाही आपल्या हक्कांचे पुरावे मांडावे लागले होतेच. ते वाचायला आपल्यातून कोण बसले?

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा शासनालाही मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. दोन्ही लिपी किती उपयोगाच्या आहेत ते तेव्हा सगळ्यांना कळले. पण अशा शोधात नजर एकाच शब्दावर असते. तो सापडला की पान उलटते. त्याच पानावरची बाकीची माणसे न वाचताच राहतात. शासनाला एक शब्द पुरतो. घराला सगळे पान हवे असते.

म्हणून शजरे छापणाऱ्यांकडे माझे चार आग्रह आहेत. मूळ कागदाचे छायाचित्र उताऱ्याशेजारी द्यावे. नाव जसे लिहिले आहे तसेच उतरावे; सुधारलेले रूप हवेच असेल तर ते वेगळ्या ओळीत द्यावे. अडलेले अक्षर त्याच हाताने लिहिलेल्या दुसऱ्या ओळीतल्या ओळखीच्या शब्दाशी ताडून पाहावे; प्रत्येक कुलकर्ण्याचे वळण वेगळे असते, पण एकाच कुलकर्ण्याचे बहुधा तेच राहते. आणि जे लागत नाही तिथे जागा कोरी सोडावी.

कोरी जागा दिसली की उद्याचा एखादा मुलगा ती भरायला बसेल. चुकीने भरलेल्या जागेकडे मात्र कोणी पुन्हा पाहत नाही. दगडू आपला आहे. त्याला दगडूच वाचावे.